पहाटेच्या संदेशांची दुरुस्ती

सोमवार, १ ऑगस्ट

उठल्या उठल्या, दात घासायच्या आधीच, घरमालकीण सुनिल्दाबाईंनी, सगळ्यांच्या न्या सुनिल्दांनी, हातात पेला दिला. उसाची दारू, लिंबू आणि कसलासा उग्र पाला. एक ऑगस्टला याचे तीन घोट घेतले नाहीत तर हा महिना माणसाला खातो म्हणे. मी म्हटलं, मी बरीच वर्षं ब्वेनोस आयरेसला काढली, तिथे एकाही ऑगस्टने मला खाल्लं नाही. म्हणाल्या, "तिथे त्याला खायला दुसरं पुष्कळ मिळत असेल. पी गुपचूप." प्यायले. घसा अजून जळतोय.

आरोयो पोरा या गावी महिनाभरासाठी आले आहे. इथल्या रेडिओ केंद्राचं इंटरनेटवरचं संदेशांचं पान दुरुस्त करायचंय. पोटासाठी बाहेर गेलेली माणसं या पानावर संदेश लिहितात. ते इथल्या पडद्यावर दिसतात आणि पहाटे पाच वाजता निवेदक सिरिलो (सगळे त्यांना मानाने कराई म्हणतात) ते माइकवर वाचून दाखवतात. आतल्या वस्त्यांमध्ये फोन लागत नाही, रेडिओ लागतो. 'कुरुसु वस्तीच्या एलिहियोला कळवण्यात येतं की तुझी बहीण शनिवारच्या बसने येतेय, फाट्यावर घोडा घेऊन ये.' असं सगळं.

अडचण अशी की खुणांची अक्षरं फुटतात. डोक्यावर लाट असलेल्या 'न्य'च्या जागी दोन भलतीच चिन्हं येतात. इथल्या ग्वारानी भाषेतली काही अक्षरं तर नुसती प्रश्नचिन्हं होऊन बसतात. एवढे दिवस कोणाचं अडलं नव्हतं. आता संचालक डेर्लिसने वाचून दाखवणारं यंत्र आणलंय. डेर्लिस मालकाचा भाचा. वयाने माझ्याहून बराच लहान आणि सदा घोड्यावर बसलेला. यंत्राचा आवाज एका माद्रिदच्या बाईचा आहे. चाचणीत त्या बाईने 'कान्येते' हे आडनाव 'का, ए-वर-लाट, अधिक-उणे, एते' असं वाचलं. डेर्लिसला हसू आलं नाही, मला आलं.

ठरलंय असं: महिनाअखेरीला अक्षरं सरळ झाली की एक सप्टेंबरपासून पहाटेचा तास यंत्राचा. कराई सिरिलो घरी. मला यात काही गैर वाटत नाही. साठी उलटलेल्या माणसाने चार वाजता उठून थंडीत केंद्रावर यावं कशाला?

गुरुवार, ४ ऑगस्ट

बिघाड सापडला. नेहमीचाच आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर म्हणायचं याची कोष्टकं असतात. पान नव्या कोष्टकाने आकडे पाठवतं आणि डेटाबेस ते जुन्या कोष्टकाने वाचून ठेवतो. नव्या कोष्टकात 'न्य'ला दोन आकडे लागतात, जुन्याला वाटतं ही दोन अक्षरं आहेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर. ज्याने हे पान बांधलं त्याने दोघांची गाठच घालून दिली नाही. मला असल्या कारागिरांचा राग येतो.

कराई सिरिलोंना विचारलं, "तुम्ही हे वाचता तरी कसं?"

"चष्मा लावून."

"अहो, पण अक्षरं फुटलेली असतात."

"इंजिनियरबाई, कान्येते आडनावाची निम्मी गल्ली आहे. 'अधिक-उणे' आडनावाचं एकही घर मला माहीत नाही. मग काय वाचणार?"

मी म्हटलं, हे अंदाजाने चाललंय. म्हणाले, "हो की." आणि तेरेरेचा, म्हणजे थंडगार काढ्याचा, पेला पुढे केला. माणसाला कशाचं काही वाटत नाही.

पडद्यावर प्रत्येक संदेशाखाली एक बटण आहे: 'तुटका, वाचला नाही'. अगदीच वाचता येत नाही तेव्हा कराई ते दाबतात. डेर्लिस रोज त्या बटणाचा आकडा बघतो. तो शून्यावर आला की माझं काम झालं.

शुक्रवार, ५ ऑगस्ट

पहाटे न्या सुनिल्दांच्या मुलाचा संदेश होता. ब्लास ब्वेनोस आयरेसला इमारतींवर कामाला आहे. कराईंनी वाचला: "न्या सुनिल्दा कान्येतेंना त्यांचा मुलगा कळवतो की मी जेवतो, कपडे धुतो आणि लग्न करत नाही. पुन्हा विचारू नये." समोरच्या घरातून हसण्याचा आवाज आला. न्या सुनिल्दा चुलीपाशी बसून येर्बाच्या पानांचा गरम काढा पीत होत्या. त्यांनी दार उघडून समोरचीला विचारलं, "ऐकलंस का माझ्या गाढवाचं?" चेहरा असा की जसं काही त्याला पदक मिळालंय.

मी विचारलं, एखादा फोन का घेत नाही तुम्ही?

"फोनवर बोलला तर मी एकटीच ऐकणार. रेडिओवर बोलला की तिलाही ऐकावं लागतं. तिचा तर वर्षभरात एक ओळ पाठवत नाही."

चिपा हे चीजचे पाव छान करतात. मी तीन खाल्ले.

मंगळवार, ९ ऑगस्ट

आज माती खाल्ली. जुने संदेश सरळ करायचा प्रोग्रॅम लिहिला, चालवला, झकास चालला. मध्येच वीज गेली. परत आल्यावर काम अर्धवट राहिलं असेल म्हणून पहिल्यापासून पुन्हा चालवला. जे सरळ झाले होते तेही पुन्हा उलटे पिळले गेले. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही आधी बघेल की कुठवर आलोय. बॅकअप होता म्हणून वाचले. डेर्लिसला काही सांगितलं नाही.

प्रश्नचिन्हं झालेली अक्षरं मात्र कायमची गेली. फुटलेलं परत जोडता येतं, कारण आकडे शाबूत असतात. प्रश्नचिन्हाच्या मागे काहीच शिल्लक नसतं. कराईंना म्हटलं, जुने आठवतात का, आपण भरून काढू. म्हणाले, "पहाटे वाचतो, दुपारी विसरतो. दुसऱ्याच्या घरातलं डोक्यात ठेवून कुठे फिरू?" काडीची मदत नाही.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

नवीन संदेश चार दिवस सगळे स्वच्छ येताहेत. लाटा, टोप्या, सगळं जागच्या जागी. मी स्वतः वस्त्यांची नावं, आडनावं, ग्वारानी शब्द घालून तपासलं. आणि तरी आकडा शून्य नाही. या आठवड्यात कराईंनी 'तुटका'चं बटण तीनदा दाबलंय.

ते तीन मी काढून बघितले. पहिला: मालकाने काढून टाकलंय, या महिन्यात काही पाठवता येणार नाही, आईला म्हणावं औषध उधार घे. दुसरा: घर विकलं, चुलत्याने सही केली, आता भांडून उपयोग नाही. तिसरा: डॉक्टरांनी पोटात गाठ सांगितली, ऑपरेशन सोमवारी. तिन्हींमध्ये एक अक्षर वाकडं नाही. माझ्या पडद्यावर ठीक दिसतात, डेर्लिसच्या पडद्यावर ठीक दिसतात.

म्हणजे बिघाड फक्त स्टुडिओतल्या पडद्यावर असणार. जुना ब्राउझर असेल.

बुधवार, १७ ऑगस्ट

ब्राउझर बदलला. परवा पुन्हा एक. हा: बाळ राहिलं नाही, ती बरी आहे. अक्षरं पुन्हा स्वच्छ.

नवीन शंका: हे सगळे संदेश फोनवरून लिहिलेले आहेत, संगणकावरून नाही. फोनचा कीबोर्ड मध्ये एखादं न दिसणारं चिन्ह घुसवत असेल. दिवसभर तेच शोधत बसले. सापडलं नाही, पण फोनवरून आलेले आनंदाचे संदेश कराई व्यवस्थित वाचतात, त्यामुळे ही शंकाही लंगडीच.

आणखी एक. ज्या दिवशी बटण दाबलेलं असतं त्या दिवशी विचारायला जावं तर हे गृहस्थ जागेवर नसतात. मोटरसायकलही नसते. दुपारी परत येतात ते धुळीने माखून. आज विचारलंच, कुठे असता? "शिव्या खायला गेलो होतो." म्हटलं, कोणाच्या? "आज एका म्हातारीच्या. चांगल्या देते." कामाची टाळाटाळ करणाऱ्या माणसाला मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. पण इतक्या गोड बोलून टाळणारा पहिलाच.

सोमवार, २२ ऑगस्ट

उपाय सापडला. डेर्लिसला म्हटलं, आता अक्षर तुटतच नाही, तर 'तुटका' म्हणायची सोय कशाला ठेवायची? त्याला एकदम पटलं. दुपारी बटण काढून टाकलं. गुरुवारपासून यंत्राची चाचणी थेट प्रसारणात.

कराई स्टुडिओतून बाहेर आले. "इंजिनियरबाई, तेवढं बटण थोडे दिवस राहू द्या."

"का?"

"हाताला सवय आहे."

"सवय हे काही कारण नाही, कराई."

ते उभे राहिले.  मग म्हणाले, "नाही, ते खरंच," आणि गेले. संध्याकाळी अंगणात सगळ्यांमध्ये तेरेरे फिरत होतं, हे बसले नाहीत. मला जरा वाईट वाटलं. जाता जाता माझ्या टेबलावर कागदात बांधलेला चिपा मात्र ठेवून गेले, नेहमीसारखा. न खाता तसाच ठेवलाय.

गुरुवार, २५ ऑगस्ट

माद्रिदच्या बाईने पहाटेचा तास वाचला. मी घरीच ऐकला, न्या सुनिल्दांच्या शेजारी बसून. आडनावं बरोबर, वस्त्या बरोबर. ग्वारानी ऐकवत नव्हतं, पण कळत होतं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू?

मग ती म्हणाली: "कुरुसु वस्तीच्या देओग्रासियाला रामोन कळवतो की मी परत येणार नाही. इथे माझं दुसरं घर आहे. शेत तू ठेव. पुढचा संदेश."

न्या सुनिल्दांनी किटली खाली ठेवली. "हे असं सांगतात?"

"मजकूर जसा आला तसा वाचला. एकही अक्षर चुकलेलं नाही."

"नाही चुकलेलं," त्या म्हणाल्या. "अख्ख्या कुरुसुने बरोबर ऐकलं असणार." नंतर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवण वाढलं, पण समोर बसल्या नाहीत.

केंद्रात गेले तर कराईंची मोटरसायकल नव्हती. त्यांना आज कामही नव्हतं. गाडी कुरुसुच्या रस्त्याला गेली असं फाटकावरचा म्हणाला. मी खुर्चीत बसले आणि महिनाभरातले 'तुटके' संदेश काढून ओळीने पुन्हा वाचले. या वेळी मजकूर वाचला. एकही बातमी चांगली नाही, आणि दर वेळी मोटरसायकल बाहेर. फोनचा संबंध नाही, कीबोर्डचा नाही, ब्राउझरचा नाही. मी मूर्ख आहे. जगातली सगळ्यात शिकलेली मूर्ख.

डेर्लिसला म्हटलं, बटण परत लावते. म्हणाला, "आता? आकडा शून्य झाल्यावर? पहिली तारीख तोंडावर आली, निमिया. तुमचं काम अक्षरांचं होतं."

शनिवार, २७ ऑगस्ट

कराईंच्या घरी गेले. परसात कोंबड्यांना मका टाकत होते. बस म्हणाले नाहीत, मीच बसले.

"देओग्रासिया कशी आहे?"

"तिने मला काठी दाखवली. मग रडली. मग जेवायला घातलं. पण मी पोचलो तोवर शेजारणी येऊन दया करून गेल्या होत्या. ते नको होतं व्हायला."

"मला आधी सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही डेर्लिसचं माणूस. संदेश आला आणि मी वाचला नाही, ही कामातली कसूर झाली की नाही? त्याने दुसऱ्या दिवशी काढला असता मला. तसाही काढतोच आहे म्हणा."

मी माफी मागितली. त्यांनी मक्याची मूठ माझ्या हातात दिली. तो काळा कोंबडा माजलाय, त्याला लांब टाका म्हणाले. माझ्यावर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

सोमवार, २९ ऑगस्ट

सलग लिहायचा प्रयत्न करते.

शनिवारपासून चैन पडत नव्हतं, म्हणून पाचच्या आधीच केंद्रात जाऊन बसले. यंत्र काय वाचणार ते आधी आपण वाचायचं, एवढंच ठरवलं होतं. पडद्यावर रांग लागली होती. बस, घोडा, साखरपुडा, हरवलेली गाय. आणि मग हा:

'न्या सुनिल्दा कान्येते यांस. ब्लास काल परांचीवरून पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. आम्ही सगळे बरोबर होतो. तो इथूनच लिहायचा म्हणून आम्हीही इथेच लिहितोय, दुसरा पत्ता नाही. कागदपत्रं करून पाठवतो. माफ करा. एर्मेस आणि कामावरचे सगळे.'

आडनाव सुरेख उमटलं होतं. लाट बरोब्बर अक्षराच्या डोक्यावर.

यंत्राचं वाचन सुरू झालं होतं, त्याच्या आधी दोनच संदेश उरले होते. मी यंत्राची तारच उपटली. माद्रिदची बाई गाईच्या रंगाशी थांबली. हाताला लागली ती पोल्काची तबकडी लावली आणि कराईंकडे पळाले. ते दारातच उभे होते, हातात रेडिओ. पोल्का सुरू झाल्याबरोबर बाहेर आले होते.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"सुनिल्दा. ब्लास."

त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. वाटेत म्हणाले, "आपण काही बोलायचं नाही. आत जायचं, बसायचं, येर्बा दिली तर घ्यायची. ती विचारेल तेव्हा सांगायचं. आधी नाही."

"आणि नाहीच विचारलं तर?"

"तर बसून राहायचं."

दार उघडंच होतं. न्या सुनिल्दा चुलीपाशी, रेडिओ शेजारी, पोल्का चाललेली. म्हणाल्या, "अगं, काय बिघडलं तुझ्या त्या बाईला? मधेच गप..." आणि माझ्यामागे कराई दिसले. संदेशांच्या वेळेला, टोपी हातात धरलेले.

त्या कराईंकडे बघत राहिल्या. मग हात लांब करून रेडिओ बंद केला. "बस, सिरिलो," म्हणाल्या. दोन पेल्यांत येर्बा भरली. एक त्यांना दिला, एक मला.  कराईंनी आपला पेला रिकामा करून खाली ठेवला.

मग म्हणाल्या, "पडला?"

"हो," कराई म्हणाले.

"एकटा होता?"

"नाही. सगळे बरोबर होते."

मी इथे याहून जास्त लिहू शकत नाही.

मंगळवार, ३० ऑगस्ट

काल डेर्लिस खूप ओरडला होता. थेट प्रसारण बंद पाडलं, यंत्राची तार उपटली, वगैरे. मी ऐकून घेतलं आणि तो संदेश त्याला वाचायला दिला. वाचून झाल्यावर तो खिडकीपाशी गेला. ब्लास आणि तो एका वर्गात होते, हे मला माहीत नव्हतं.

"अक्षरं सगळी सरळ झालीत," मी म्हटलं. "यंत्र आता लिहिलेलं सगळं न अडखळता वाचेल. म्हणूनच त्याच्या हातात पहाटेचा तास देऊ नका. हवामान द्या, जाहिराती द्या. वाटल्यास अहवालात लिहा की काम अपुरं राहिलं, मी सही करते."

 तो म्हणाला, "परवा न्हाव्याकडे गेलो तर देओग्रासियाच्या संदेशावरून कोणी माझ्याशी बोलेना." आणि म्हणाला, "ते बटण परत लावा. कराईंना मी जाऊन सांगतो. मीच सांगतो."

दुपारी न्या सुनिल्दांनी मला बोलावलं. आतल्या वस्त्यांमध्ये त्यांच्या बहिणी, चुलत घरं, ब्लासचे सोबती. सगळ्यांना कळवायचं होतं. "लिही," म्हणाल्या. मी लॅपटॉप उघडला.

"कुरुसु आणि भोवतालच्या वस्त्यांना सुनिल्दा कान्येते कळवते की ब्लास शुक्रवारी घरी येतोय. दुपारपर्यंत यावं."

मी थांबले. "एवढंच?"

"एवढंच."

"न्या सुनिल्दा, लोकांना नीट समजणार नाही. त्यांना वाटेल..."

"तू लिहिलंस तेवढं पाठव, पोरी."

पाठवलं.

शुक्रवार, २ सप्टेंबर

बुधवारी आणि काल कराई सिरिलोंनी तो संदेश पहाटे वाचला. हळू नाही, जोरात नाही, हरवलेल्या गाईचा वाचतात तसाच. पहिल्या दिवशी पुढच्या संदेशाआधी जरा थांबले. मी घरीच होते. न्या सुनिल्दांनी रेडिओ लावला नव्हता, समोरच्या घरातला ऐकू आला.

माझी धाकधूक गेली नव्हती. काल सबंध दिवस वाटत होतं की लोक कोंबड्या घेऊन येतील, थट्टा करत येतील, लग्न ठरलं का विचारतील, आणि दारात शवपेटी बघतील. दुसरा, स्पष्ट संदेश मी लिहूनही ठेवला होता. कराईंना दाखवला. त्यांनी वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

आज सकाळी अकराच्या सुमाराला रस्त्यावर पहिला ट्रक दिसला. मागच्या हौद्यात माणसं उभी, बायका बाकांवर. त्यामागून बैलगाड्या, मोटरसायकली, पायी चालणारे. देओग्रासियाही होती, डोक्यावर मांदिओकाच्या कंदांची टोपली. डेर्लिस फाटकाशी उभा राहून गाड्या लावून देत होता. मी ओसरीवर उभी राहून बघत होते, गाडीमागून गाडी.

एकही जण रंगीत कपड्यांत नव्हता.